बरोबर वाक्याची दुरुस्ती

मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवली. शिकवली म्हणजे फळ्यावर लिहिली, पोरांनी वहीत उतरवली, अन् परीक्षेत उतरवलेलं पुन्हा उतरवून दिलं. यात इंग्रजी कुणाच्या अंगाला लागली असेल असा माझा दावा नाही. पण एका धड्यापायी मी या एकतीस वर्षांत जेवढा घसा फोडला तेवढा दुसऱ्या कशापायी फोडला नाही. तो धडा म्हणजे मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ या मंडळींचा.

धडा तसा सोपा. हे शब्द दोन कामं करतात. पहिलं काम, माणूस जे करतो ते त्याच्यावरच येऊन पडतं, तेव्हा. 'त्यानं स्वतःला कोंडून घेतलं.' इथं 'स्वतःला' काढून टाका, वाक्य लंगडं होतं. कुणाला कोंडलं ते कळत नाही. दुसरं काम, नुसता जोर द्यायचा असतो तेव्हा. 'साहेबांनी स्वतः सही केली.' इथं 'स्वतः' काढलं तरी वाक्य उभं राहतं, साहेबांचा तोरा तेवढा कमी होतो. मी पोरांना एकच चाचणी सांगायचो. शब्द काढून बघा. वाक्य पडलं तर तो खांब होता, उभं राहिलं तर ती झालर होती. बस, एवढंच. एकतीस वर्षं.

पोरांना झालर लगेच कळायची. आपल्याकडं झालरीशिवाय काही होतच नाही. सभापती नुसते येत नाहीत, स्वतः येतात. अध्यक्ष जातीनं लक्ष घालतात. आमच्या एका संचालकांनी तर स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःचा सत्कार स्वतः ठेवला अन् आभारही स्वतःच मानले. मी ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात घेतलं. चार 'स्वतः' होते, दोन खांब अन् दोन झालरी, अन् पोरांनी चारी बराबर ओळखले. त्या वर्षीचा सगळ्यात यशस्वी पाठ तोच.

पण मधेच 'मायसेल्फ'च्या रोगाची साथ आली. जालन्यात इंग्रजी बोलायचे क्लास निघाले, अन् तिथं पहिल्याच दिवशी पोरांना उभं करून म्हणायला लावायचे, 'मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम अंबड.' अरे, हे कुठलं वाक्य? क्रियापद कुठं गेलं? 'माझं नाव अमुक' म्हणायला काय जीभ झडते का? मी चिडायचो, खडू फेकायचो, हजेरी घेताना कुणी 'मायसेल्फ' म्हटलं तर गैरहजेरी मांडायचो. माझा एक विद्यार्थी मुलाखतीत असंच बोलला अन् त्याला नोकरी लागली. पेढे घेऊन आला. मी पेढा हातात धरून त्याला म्हणालो, "तू 'मायसेल्फ' म्हणालास ना?" तो म्हणाला, "सर, नोकरी लागली ना पण." मी पेढा खाल्ला अन् त्याला नियम सांगितला. तो पुन्हा आला नाही.

तर अशानं मला 'मायसेल्फ'ची चीड बसली. एवढी की तो शब्द कानावर पडला की माझं डोकं चालायच्या आधी तोंड चालायचं. आता यातून पुढं जे झालं ते सांगतो. झालं म्हणतोय खरा, पण ते मी केलं.

माझी सासुरवाडी अंकुशनगरच्या अलीकडं एका गावात आहे. शाळाही त्याच गावात, म्हणून मी रोज अंबडहून जाऊन-येऊन करायचो. बायकोच्या घरी पिढीजात मेंढरं. आमच्याही घरी होती. माझे वडील कांबळं खांद्यावर टाकून चार-चार महिने रानात असायचे. पण मी शिकलो, डीएड केलं, बीएड केलं, सफारी शिवली, अन् शाळेत कुणी घरचं विचारलं तर 'शेती' म्हणून मोकळा व्हायचो. मेव्हणा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो दहावीनंतर थांबला. दोन एकर ऊस अन् चाळीस मेंढरं, दोन्ही सांभाळतो. कुणी विचारायच्या आधीच सांगतो की आपण मेंढरंवाले. मला त्याचं हे कधी आवडलं नाही.

चार वर्षांपूर्वी शाळेत बक्षीस समारंभ होता. शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब यायचे होते. मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं की साहेबांसमोर एखाद्या पालकानं इंग्रजीत चार वाक्यं बोलावीत, म्हणजे शाळा पोरांनाच नाही तर पालकांनाही इंग्रजी शिकवते असं दिसेल. शाळेनं कुणाही पालकाला काहीही शिकवलं नव्हतं, हे सोडा. गावातले बाकीचे पालक पळाले. मेव्हणा हो म्हणाला. त्याची पोरगी दहावीला होती, हुशार होती. तिनं त्याला चार वाक्यं लिहून दिली अन् हा बाबा आठ दिवस मेंढरांमागं फिरत ती घोकत होता. माझी बायको सांगायची, "अहो, भाऊ झोपेतसुद्धा इंग्रजी बोलून राह्यलाय." मी म्हणायचो, बोलू दे.

मला त्यानं विचारलं नाही. घरात इंग्रजीचा मास्तर असून विचारलं नाही, हेही मला लागलं असावं.

समारंभाच्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून स्टेजवर आला. समोर अख्खं गाव. पहिल्या रांगेत बायांच्या बाजूला माझी सासू बसलेली, नवं लुगडं नेसून. मी स्टेजवर सूत्रसंचालनाला, हातात दुसरा माईक. त्यानं साहेबांना नमस्कार केला, गुड मॉर्निंग म्हणाला. मग छाती भरून म्हणाला, "आय मायसेल्फ ॲम अ शेफर्ड्स सन."

मी स्वतः मेंढपाळाचा मुलगा आहे.

अन् मी माईक तोंडाला लावला. "एक मिनिट, पाव्हणे. 'मायसेल्फ' म्हणायचं नसतं. नुसतं 'आय ॲम' म्हणा."

गाव हसलं. पोरं तर बाकांवर हात आपटून हसली, कारण त्यांना माझी चीड माहीत होती. मेव्हण्यानं माझ्याकडं पाहिलं. "आय..." म्हणाला, "आय ॲम..." अन् पुढची तीन वाक्यं त्याच्या डोक्यातून साफ उडाली. मग मराठीत "धन्यवाद" म्हणाला अन् खाली उतरला. साहेब माझ्याकडं वाकून म्हणाले, "सर, तुमचं फार बारीक लक्ष असतं हो!"

आता मी माझीच चाचणी लावली. शब्द काढून बघा. काढला. वाक्य उभं राहिलं. म्हणजे झालर. म्हणजे जोर देण्यासाठी वापरलेला शब्द, जिथं पाहिजे तिथं, जसा पाहिजे तसा. दहावीतल्या पोरीनं लिहिलेलं वाक्य बिलकुल बराबर होतं अन् इतकी वर्षं शिकवणाऱ्या मास्तरनं ते भर सभेत चूक ठरवलं होतं. हे मला कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. साहेबांची शाल अजून घडीतच होती. मला उठून सांगता आलं असतं. माईक तर माझ्याच हातात होता! पण साहेबांनी नुकतीच माझी तारीफ केली होती. मी पुढच्या बक्षिसाचं नाव वाचलं.

तेव्हापासून मेव्हणा माझ्या घरात आला नाही. भाऊबीजेला बहीण गावी जायची. तो कधी कामानं अंबडला आला तर बाहेर ओट्यावर बसून बहिणीशी बोलायचा, तिथंच चहा प्यायचा अन् जायचा. मला "दाजी, बरं हाय का?" एवढं विचारायचा. रीत सोडायचा नाही. बायको म्हणायची, "इंग्रजी चुकलं म्हणून एवढं रुसायचं का माणसानं? तुम्ही काय खोटं बोलले का?" मी वर्तमानपत्र उघडायचो.

दीड वर्षानं सासू गेली. मी मातीला गेलो, दहाव्याला गेलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो. तेव्हाही बोललो नाही. म्हटलं, ही वेळ नव्हे. माझ्याकडं ही वेळ नव्हे असं म्हणायला नेहमीच वेळ असायची.

मग या वर्षी पोरीचं लग्न ठरलं. माझी एकुलती एक. जालन्याला दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. तिची पहिली अन् दुसरी तिच्या आजोळी झाली होती, कारण तेव्हा माझी बदली आष्टीकडं होती अन् बायको आजारी असायची. मामानं तिला दोन वर्षं पाठीवर वागवलं, मेंढरांत नेलं, पोहायला शिकवलं. आमच्याकडं नवरीला मांडवात आणतो तो मामा, अन् अंतरपाट धरल्यावर तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामा. माईकवरून भटजी ओरडतातच, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.' पोरीनं साखरपुड्याच्या दिवशीच मला सांगून टाकलं, "पप्पा, मामा न्हाई आला तर मी खोलीतून बाहेर येणार न्हाई. दुसऱ्या कुणाला मामा म्हणून उभं करू नका. मी लहान न्हाई आता."

ती माझ्यासारखीच चिडकी आहे. बोलली म्हणजे करणार.

आता आमच्या जिल्ह्यात लग्नाचं बोलावणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. पत्रिका तुम्ही सोन्याच्या अक्षरात छापा. खाली ती ओळ छापा, 'नजरचुकीने निमंत्रण राहिल्यास हेच निमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे.' ही ओळ छापणारा ती खरी समजत नाही, वाचणारा तर मुळीच नाही. घरचा कर्ता माणूस स्वतः येऊन, पत्रिकेला कुंकू लावून, हातात देऊन 'या' म्हणाला तरच ते बोलावणं. नाहीतर रद्दी. माझा एक चुलतभाऊ माझ्या घरापासून तीन घरं सोडून राहतो. मी पत्रिका त्याच्या पोराच्या हातात दिली, तर तो संध्याकाळी ती परत घेऊन आला अन् म्हणाला, "ही तुमची पत्रिका आमच्याकडं चुकून आली वाटतं." पुन्हा गेलो, कुंकू लावलं, चहा घेतला, तेव्हा गडी हसला. एकतीस वर्षं मी फळ्यावर जोर म्हणजे काय ते समजावत होतो, अन् या लोकांना तो उपजत येत होता.

हे सगळं कळत असून मी मामाकडंच काय केलं? पहिली पत्रिका पोस्टानं धाडली. वर्गणीदाराला अंक धाडतात तशी. वर बायकोला सांगितलं की मुहूर्ताची धावपळ आहे. आठ दिवसांनी फोन आला, बायकोला. "अक्का, पत्रिका मिळाली. माणूस न्हाई मिळाला."

मग मी मोबाईलसमोर बसून व्हिडिओ केला. सफारी घालून. "आम्ही सहकुटुंब आपणास आग्रहाचे..." वगैरे. पाच वेळा केला, कारण चार वेळा केस नीट दिसत नव्हते. त्यावर त्यानं अंगठा दाखवला. तो आपल्या मोबाईलमधला पिवळा अंगठा असतो ना, तो. मग मी धाकट्या साडूला मध्ये घातलं. साडू तिथं जेवून आला, दही चांगलं होतं म्हणाला, अन् निरोप आणला, "दाजीला म्हणावं, स्वतः या."

बायको ताटली आपटून म्हणाली, "जा ना मंग! काय पाय झिजतेत का? जन्मभर पोरांना 'स्वतः करा, स्वतः करा' शिकवलं अन् घरात पाण्याचा गिलास कधी स्वतः घेतला न्हाई. पोरीच्या लग्नाचं बोलावणं तरी स्वतः करा."

तिला वाटत होतं की मी अहंकारापायी जात नाही. खरं म्हणजे मी भीतीनं जात नव्हतो.

शेवटी गेलो. जानेवारीचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, स्कूटर पुढं सरकत नव्हती. बरंच झालं. मला वाक्य तयार करायचं होतं. 'काही चुकलं असेल तर माफ करा.' हे पहिलं. चांगलं वाटलं. यात चुकलंच असं कुठं म्हटलंय? मग 'त्या दिवशी थोडा गैरसमज झाला.' हेही बरं. गैरसमज कुणाचा ते सांगावं लागत नाही. मग 'जे झालं ते झालं.' आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे, सगळं आपोआप होतं. ग्लास फुटतो, दूध उतू जातं, शब्द निघून जातो, माणूस बाजूलाच उभा असतो. मी दहा-बारा वाक्यं जुळवली अन् एकातही मी नव्हतो. मास्तर माणूस, मला ते दिसत होतं. तरी मी त्यातलं एक पाठ करत गेलो.

मेव्हणा अंगणात मेंढरं कातरत बसला होता. मला पाहून उठला नाही, पण वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारली, "दाजी आलेत. बाज टाक. पाणी दे." बाजेवर धुतलेली चादर आली, तांब्या आला, वहिनीनं पदर सावरून पाया पडून घेतलं. जावई ना मी! मी बसलो. त्याची कातर कचकच चालूच होती.

"पाव्हणे," मी म्हणालो, "त्या दिवशी शाळेत जे काही झालं..."

"झालं न्हाई दाजी. केलं."

मी पाणी प्यालो. "काही चुकलं असेल तर..."

"असेल तर?" त्यानं कातर थांबवली नाही.

माझी जुळवलेली सगळी वाक्यं तिथंच संपली. त्याची चार वाक्यं कशी संपली असतील ते तेव्हा मला कळलं. मी म्हणालो, "तुमचं वाक्य बराबर होतं. मी चूक सांगितलं."

"म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात. अंबडला कोर्टात बांधाच्या कामाला गेल्तो. वकिलाला कागदावर लिहून दाखवलं. ते म्हणले, बिलकुल बराबर हाय, कुणी चूक काढली? म्या म्हणलो, कुणी न्हाई." त्यानं मेंढरू उलटं केलं अन् दुसरी बाजू धरली. "पोरगी तर रडून राह्यली व्हती. तिला वाटलं, तिच्यामुळं बापाची फजिती झाली. तिला तो कागद दाखवला तवा जेवली."

मला एकदम राग आला. स्वतःवरचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो तसा. "मग मला का नाही विचारलं? चार वर्षं ओट्यावर बसून चहा प्यायलात, एकदा तोंड उघडायचं होतं!"

आता त्यानं कातर खाली ठेवली. "तुम्हाला म्हाईत व्हतं का न्हाई, तेच बघून राह्यलो व्हतो. म्हणलं, म्हाईत नसंल तर चूक हाय, चूक माणसाची व्हती. म्हाईत असंल तर दाजी एक ना एक दिवस सांगतेल. तुम्हाला म्हाईत व्हतं का?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, अन् एक क्षण मी तिच्याकडं पाहिलं, नाही म्हणत नाही. मग म्हणालो, "हो. त्याच वेळी. स्टेजवरच."

आतून वहिनीचा भांड्यांचा आवाज थांबला. सुटलेलं मेंढरू अर्धं कातरलेलं तसंच जाऊन कुंपणाला उभं राहिलं.

"माय पहिल्या रांगेत व्हती," तो म्हणाला. "तिला इंग्रजीतलं काय कळतंय? पण तिनं आठ दिवस माझ्या तोंडून ऐकल्यालं, तिला चारी वाक्यं पाठ झाल्ती. घरी आल्यावर म्हणली, काय चुकलास रे? म्या म्हणलो, न्हाई चुकलो माय. तर म्हणली, जावई एवढा शिकल्याला माणूस, तो खोटं कशाला बोलंल? तुझंच चुकलं असंल."

"मग तुम्ही तिला कागद..."

"कसा दाखवू? काय सांगू, तुझा जावई खोटं बोलला? तिच्या लेकीचं घर हाय ते. म्हणलो, व्हय माय, चुकलं माझं." त्यानं हातावरची लोकर झटकली. "मंग ती जाईस्तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पोरगं आमचं स्टेजवर गेल्तं, पण चुकलं. बरं झालं जावई व्हता, त्यानं सांभाळून घेतलं."

मला रडू आलं. बाजेवर, धुतलेल्या चादरीवर, सफारी घालून मी रडलो, अन् सांगायला मला लाज वाटत नाही. त्या बाईनं मरेपर्यंत माझे गुण गायले होते. माझ्या चुकीसाठी ती माझीच आभारी होती, अन् तिचा पोरगा समोर बसून रोज ते ऐकत होता. मी म्हणालो, "मी लग्नात माईकवर सांगतो. सगळ्या पाव्हण्यांसमोर. साऱ्या गावासमोर सांगतो की चूक माझी होती."

"नका," तो लगेच म्हणाला. "पुन्हा समदे माझ्याकडंच बघतेल. अन् लग्न पोरीचं हाय दाजी, तुमचं न्हाई."

माझी माफीसुद्धा मला स्टेजवरच हवी होती. त्याला ती बाजेवरच मिळाली होती अन् तेवढ्यात त्यानं भागवलं. मी पिशवीतून पत्रिका काढली, कुंकवाची डबी काढली. कुंकू थोडं चादरीवर सांडलं. त्यानं पत्रिका दोन्ही हातांनी घेतली अन् कपाळाला लावली. "येतो," म्हणाला. "भाचीला सांगा, मामा आदल्या दिवशीच येऊन राह्यलाय."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. वाक्यापासून सासूपर्यंत. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "माझी माय जिती असताना सांगितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं हो?" मी काय सांगणार? साहेबांची तारीफ गेली असती. ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. नंतर लग्नाची कामंच एवढी निघाली की बोलावं लागलं.

लग्न अंबडलाच झालं. भटजींनी माईकवरून मामाला हाक मारली, अन् मामा भाचीला घेऊन आला. नवी टोपी, तोच पांढरा शर्ट का दुसरा ते मी बघितलं नाही. पोरगी त्याचा हात घट्ट धरून चालत होती. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, तो तिच्या पाठीशी उभा होता. मी बापाच्या जागेवर उभा राहून त्याच्याकडंच बघत होतो. पोरीकडं बघायचं सोडून!

आहेराच्या वेळी तो आमच्या दोघांसमोर आला. बहिणीच्या पाया पडला. मग माझ्यासमोर वाकला. आमच्यात मेव्हणा दाजीच्या पाया पडतो, त्यात नवीन काही नाही. मी त्याचे दंड धरले, वर उचलायला लागलो, "नको, नको," म्हणालो. तो हळूच म्हणाला, "लोक बघून राह्यलेत दाजी. पडू द्या." अन् पडला. चारशे माणसांसमोर त्यानं माझ्या पायाला हात लावला, अन् मी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला, कारण तीही रीतच.

शाळेतला माझा एक जुना सोबती शेजारी उभा होता. त्या बक्षीस समारंभाला तोही स्टेजवर होता. त्यानं मला कोपरानं ढोसलं. "काय सर, शेवटी मेव्हण्यानं माघार घेतली म्हणा! आला ना बराबर पायाशी."

मेव्हणा तोवर पंगतीत वाढायला गेला होता. माईकवर बोलायचं नाही असं त्यानं सांगितलं होतं, पण एका माणसाला सांगायचं नाही असं काही म्हणाला नव्हता. मी म्हणालो, "त्यानं नाही हो, मी घेतली. त्याचं वाक्य बराबर होतं. चूक मी केली होती, अन् मला ती तेव्हाच कळली होती."

आमचं बिनसलंय एवढं त्या सोबत्याला माहीत होतं, पण कशावरून ते त्याला खरंच आठवत नव्हतं.

"कोणतं वाक्य?" त्यानं विचारलं, अन् जिलबीचं ताट पुढं आलं तसा तिकडं वळला.